कांचेचा पेला आणि पांचांचें पेय

जुन्या कांचेचीं पानपात्रें जमवावीं आणि घरच्या घरीं चारपांच पदार्थ मिसळून पेय सिद्ध करावें, असा एक छंद हल्लीं पुण्यामुंबईच्या सुशिक्षित कुटुंबांतून वाढीस लागला आहे. पुण्याच्या जुन्या बाजारांत किंवा मुंबईच्या चोरबाजारांत रविवारचा फेरफटका मारणारे, पैलूदार पेल्याच्या बुडाशीं बोट फिरवून त्याचें वय ताडणारे गृहस्थ आतां विरळ राहिलेले नाहींत. या छंदाविषयीं दोन मतें ऐकूं येतात. एक पक्ष म्हणतो, हें सारें साहेबाचें उष्टें. आपल्या घरांत त्याला स्थान नाहीं. दुसरा पक्ष म्हणतो, सौंदर्य पाहावें तें विलायतेंतच. आपल्याकडे तांब्याभांड्यापलीकडे होतें काय? श्रोतेहो, या दोन्ही पक्षांत एक गोष्ट समान आहे. दोघांनींही इतिहासाचें पान उलटलेलें नाहीं. तें पान उलटून पाहण्याचा आजचा हेतु आहे.

मी कळंबचा. इंदापूर तालुक्यांतलें, नीरेच्या खोऱ्यांतलें हें गांव. गेल्याच्या मागल्या शतकाच्या अखेरीस नीरेचा डावा कालवा बारामती-इंदापुरास आला, कोरडवाहू ज्वारीच्या रानांत ऊस उभा राहिला, आणि १९३३-३४ च्या सुमारास शेठ वालचंद हिराचंद यांनीं कळंबच्या शिवारांत साखरेचा कारखाना उभारून वालचंदनगर वसविलें. जेथें साखर तेथें मळी, आणि जेथें मळी तेथें मद्यार्क, हा रसायनशास्त्राचा साधा क्रम आहे. उसाचा रस आटवून दाणा पडला कीं जो काळा, चिकट, पुन्हां दाणा न धरणारा अवशेष राहतो तो मळी. त्यांत पाणी व किण्व घातलें कीं साखरेचा मद्यार्क होतो. वेस्ट इंडीज बेटांतली जगप्रसिद्ध ‘रम’ याच मळीची लेक.

आमच्या गांवाच्या नांवांतही एक गंमत दडलेली आहे. कळंब म्हणजे संस्कृतांतला कदंब. गांवाला नांव त्या वृक्षावरूनच पडलें असावें. विष्णुपुराणांत अशी कथा आहे कीं, वारुणी कदंबाच्या ढोलींत प्रकट झाली आणि बलरामानें तिचें प्राशन केलें. यावरूनच मद्याला ‘कादंबरी’ हें नांव मिळालें. बाणभट्टानें तें आपल्या नायिकेस दिलें. आणि बाणाच्या त्या ग्रंथावरून मराठींत नॉव्हेलला ‘कादंबरी’ म्हणूं लागले. तेव्हां जो सोवळा गृहस्थ मद्याचें नांवही घेणार नाहीं, तोही वाचनालयांतून दर आठवड्यास ‘कादंबरी’ घरीं आणतो! शब्दांचा प्रवास माणसांच्या सोवळ्याओवळ्याला जुमानीत नाहीं, एवढेंच यावरून ध्यानांत घ्यावयाचें.

प्रथम कांचेकडे वळूं. कांच आपल्याला साहेबानें दिली हा समज साफ चुकीचा आहे. सातवाहनांच्या काळीं तेर, पैठण, नेवासें, कोल्हापूर या नगरांतून कांचेचे मणी विपुल वापरांत होते. कोल्हापुरच्या ब्रह्मपुरी टेकडीचें उत्खनन १९४५ च्या सुमारास झालें, तेव्हां बहामनी काळच्या थरांत रंगीबेरंगी कांचेच्या बांगड्यांचे असंख्य तुकडे सांपडले. म्हणजे वाळू, क्षार आणि चुना एकत्र वितळवून त्यांतून पारदर्शक पदार्थ काढण्याची विद्या या भूमीला परकी नव्हती. परंतु येथें एक विलक्षण भेद दिसतो. आपल्या स्त्रियांनीं कांच मनगटावर धारण केली, तिला सौभाग्याचें चिन्ह मानिलें, इतकें कीं बांगडी फुटली असें म्हणण्याचेंही टाळून ती ‘वाढवली’ असें म्हणण्याचा प्रघात पडला. पण तीच कांच ओठाला लावण्यास समाज शतकानुशतकें राजी झाला नाहीं. मनगटावर जी मंगल, ती ओठावर विटाळ!

याचें कारण शोधूं गेल्यास तें पाकशाळेंतच सांपडतें. तांब्यापितळेचें भांडें राखेनें घांसलें, चिंचेनें उजळलें, प्रसंगीं विस्तवांतून काढलें कीं शुद्ध. मातीचें भांडें विटाळलें तर फोडून टाकावें. कांच व चिनी माती यांना ना विस्तव सोसत, ना तीं फोडून टाकण्याइतकीं स्वस्त. शुद्धीच्या नियमांत त्यांना जागाच सांपडेना. म्हणून तीं कपाटांत शोभेसाठीं राहिलीं किंवा घराबाहेरच्या बैठकींत पाहुण्यापुरतीं राहिलीं. पुढें भाषेनें मात्र आपला सूड उगविला. आज प्रत्येक मराठी घरांत ‘स्टीलचा ग्लास’ असतो. ग्लास म्हणजे कांच. तेव्हां ‘स्टीलची कांच’ असा त्याचा अर्थ झाला! ज्या वस्तूला आपण दाराबाहेर ठेविलें, तिचें नांव मात्र स्वयंपाकघरांत जाऊन बसलें.

आतां पेयाकडे. अनेक पदार्थ मिसळून पेय करण्याची कला तरी परकी आहे काय? संस्कृतांतलें ‘पानक’ म्हणजेच आपलें पन्हें. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा यानें बाराव्या शतकांत रचलेल्या ‘मानसोल्लासां’त राजाच्या उपभोगांचें वर्णन करतांना पाणी आणि पानकें यांनाही स्थान दिलें आहे. आंबट, गोड, सुगंधी आणि शीतल यांचा मेळ घालणें ही येथली जुनीच विद्या. आणि पांच वस्तू एकत्र करण्याची आवड तर आपल्या रक्तांतच आहे; देवापुढचें पंचामृत हें त्याचें सर्वांत पवित्र रूप.

याच पांचाच्या आंकड्यानें पुढें जगाचा प्रवास केला. इंग्रजींत ‘पंच’ नांवाचें एक मिश्रपेय आहे. त्याचा आजवर सांपडलेला सर्वांत जुना इंग्रजी उल्लेख १६३२ सालच्या एका पत्रांत आहे. तें पत्र पूर्व किनाऱ्यावरील आरमगांवच्या इंग्रज वखारींतून लिहिलेलें आहे. १६३८ सालीं मांडेल्स्लो नांवाच्या जर्मन प्रवाशानें सुरतेच्या वखारींत असेंच पेय पाहिलें: मद्यार्क, गुलाबपाणी, लिंबाचा रस आणि साखर. पुढें ईस्ट इंडिया कंपनीचा डॉक्टर जॉन फ्रायर आपल्या प्रवासवर्णनांत, जें १६९८ सालीं छापलें गेलें, स्पष्ट सांगतो कीं हें नांव हिंदुस्थानी ‘पांच’ या शब्दावरून आलें, कारण त्यांत पांच घटक असतात. या पेयास लागणारा उत्तम अर्क गोव्यांतील नेरूळ गांवीं होतो, अशीही त्याची नोंद आहे. हा फ्रायर केवळ सुरतमुंबईंतच फिरला असें नाहीं. १६७५ सालीं तो घाट चढून जुन्नरास मोगल सुभेदाराकडे वैद्यकीसाठीं आला होता. कांहीं कोशकार ‘पंच’ची व्युत्पत्ति पिंपाच्या इंग्रजी नांवाशीं लावूं पाहतात, परंतु बहुसंख्य पंडितांचा कल पांचाकडेच आहे. अर्क, साखर, लिंबू, मसाला आणि पाणी हे ते पांच.

यांतली साखर, लिंबू, मसाला आणि पाणी हें चौकडें येथल्या स्वयंपाकघरांतलें होतें. खलाशांनीं त्यांत माडाचा अर्क ओतला आणि पेल्यांतून तें लंडनला नेलें. ज्याला आज ‘कॉकटेल’ म्हणतात त्या शब्दाचा अर्थ अमेरिकेंतील हडसन गांवच्या एका वृत्तपत्रानें १८०६ सालीं वाचकाच्या पृच्छेवरून दिला: मद्य, साखर, पाणी आणि कडू अर्क. म्हणजे हडसनच्या संपादकाच्या पावणेदोनशें वर्षें आधीं हिंदुस्थानच्या किनाऱ्यावर पांचांचें पेय रूढ झालें होतें. ही अभिमानाची गोष्ट आहे असें मी म्हणत नाहीं. ती वस्तुस्थिति आहे, आणि वस्तुस्थिति कळली म्हणजे अनुकरणाची लाज आणि अनुकरणाचा गर्व, दोन्ही निरर्थक ठरतात.

पेय येथून गेलें; त्याचें पात्र तिकडून आलें. १६७४ हें वर्ष मराठी माणसाला सांगावें लागत नाहीं. त्या वर्षीं रायगडावर शिवछत्रपतींचा राज्याभिषेक झाला आणि मुंबईचा इंग्रज वकील हेन्री ऑक्झेंडन नजराणा घेऊन तेथें हजर होता. त्याच वर्षीं लंडन येथें जॉर्ज रेव्हन्सक्रॉफ्ट या व्यापाऱ्यानें नव्या जातीच्या कांचेचा हक्क राजाकडून मिळविला. या कांचेंत पुढें त्यानें शिशाचें भस्म घातलें. त्यामुळें ती जड, मऊ आणि तेजस्वी झाली, तिच्यावर पैलू पाडतां येऊं लागले, आणि टिचकी मारतांच ती घंटेसारखी वाजूं लागली. आज जुन्या बाजारांत ज्या पेल्याला ‘कट ग्लास’ म्हणून भाव येतो, त्याचें मूळ या शोधांत आहे.

एकोणिसाव्या शतकांत या पात्राला दोन सोबती मिळाले. पहिला बर्फ. १८३३ सालीं फ्रेडरिक ट्यूडर या बोस्टनच्या व्यापाऱ्यानें तेथील गोठलेल्या तळ्यांतला बर्फ लांकडाच्या भुशांत बांधून गलबतानें कलकत्त्यास आणिला. पाठोपाठ तो मुंबईसही येऊं लागला आणि त्यासाठीं खास कोठार बांधलें गेलें. चार महिने समुद्रावर काढून आलेलें तें थंड पाणी! दुसरा सोबती सोडावॉटर. १८७२ सालीं हिराम कॉड या इंग्रजानें गोटीच्या बाटलीचा हक्क घेतला. आंतल्या वायूच्या दाबानेंच कांचेची गोटी मानेंतल्या रबरी कड्यावर घट्ट बसते आणि अंगठ्यानें दाबतांच फस्सदिशीं खालीं उतरते. बूच नको, तार नको. विलायतेंत ती बाटली केव्हांच लोपली, पण आपल्याकडे जत्रेंत आणि एसटीच्या थांब्यावर ती कित्येक पिढ्या टिकली. श्रोत्यांपैकीं कित्येकांनीं लहानपणीं त्या गोटीसाठीं बाटली फोडण्याचा विचार मनांत आणला असेल. तो केवळ विचारच राहिला असेल अशी आशा करूं!

कांचेचिनीचें पात्र ओठाला लावण्याचा वाद पुण्यांत किती विकोपास गेला, हें १८९० च्या ऑक्टोबरांत दिसून आलें. पंचहौद मिशनमध्यें व्याख्यानाच्या निमित्तानें पुण्यांतील प्रतिष्ठित मंडळी जमली होती. रानडे होते, टिळक होते, गोखले होते. व्याख्यानानंतर चहा आणि बिस्किटें पुढें आलीं. कोणी चहा घेतला, कोणी पेला नुसता हातीं धरला. पुढें गोपाळराव जोशी यांनीं उपस्थितांचीं नांवें वर्तमानपत्रांत छापून आणलीं आणि ग्रामण्य माजलें. प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेलें, आणि न्यायमूर्ति रानड्यांसारख्या पुरुषास १८९२ सालीं प्रायश्चित्त घ्यावें लागलें. मद्य नव्हे, साधा चहा! अपराध पेयाचा नव्हता. कोणाच्या हातचें आणि कोणत्या पात्रांतलें, याचा होता.

परंतु अवघ्या अठरा वर्षांत चक्र कसें फिरलें पाहा. अंताजी दामोदर काळे यांनीं घरोघर एकेक पैसा मागून ‘पैसाफंड’ उभारला होता. टिळकांचा त्यास भक्कम पाठिंबा होता. त्या पैशापैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें कांचकारखाना निघाला. जपान-अमेरिकेंत कांचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं तो चालू केला. तेथें माल निघे, त्याचबरोबर तरुणांना नळी फुंकण्याचें शिक्षणही मिळे. तेथें शिकलेले कारागीर हिंदुस्थानभर पसरले. ज्या पुणे जिल्ह्यांत परक्या हातच्या पेल्याबद्दल प्रायश्चित्त झालें, त्याच जिल्ह्यांत लोकमान्यांच्या आशीर्वादानें कांचेची भट्टी पेटली! पुढें पहिल्या महायुद्धांत ऑस्ट्रिया-जर्मनीचा माल बंद पडला, आणि १९१६ सालीं कऱ्हाडजवळ, औंध संस्थानच्या आश्रयानें, ओगले बंधूंचा कांचकारखाना उभा राहिला. त्यांच्या ‘प्रभाकर’ कंदिलानें अर्ध्या महाराष्ट्राच्या रात्री उजळल्या. त्याच्या चिमणीखालीं अभ्यास करून मॅट्रिक झालेल्यांच्या कित्येक पिढ्या आहेत. ती भट्टी आतां विझली आहे. ओगलेवाडी हें नांव मात्र रेल्वेस्थानकाजवळच्या त्या वस्तीनें जपून ठेविलें आहे.

मराठी घरांत कांचेच्या प्याल्याविषयीं जी एक भीति राहिली, तिचें कारण मात्र सोवळ्यांत नाहीं, रंगभूमींत आहे. १९१९ सालीं राम गणेश गडकरी वारले आणि त्याच वर्षीं त्यांचें ‘एकच प्याला’ गंधर्व मंडळीनें रंगभूमीवर आणलें. सुधाकराचा ऱ्हास आणि सिंधूचें सोसणें पाहून घरीं परतलेल्या प्रेक्षकाला ‘प्याला’ हा शब्द पुन्हां निर्मळपणें उच्चारतां आला नाहीं. ती भीति अनाठायीं होती असें कोणी म्हणूं नये. शाळेंत चाळीस वर्षें काढलेल्या माणसाला हें ठाऊक असतें कीं, वर्गांतला कोणता मुलगा रात्रभर जागा होता आणि कां जागा होता. पुढें १ ऑगस्ट १९३९ रोजीं मुंबई शहरांत दारूबंदी झाली, १९४९ सालीं मुंबई इलाख्याचा कायदा झाला, आणि १९५० पासून बंदी सर्वत्र आली. कालांतरानें ती सैल झाली. पण तो कायदा महाराष्ट्रांत आजही आहे, मद्यास परवाना लागतो, आणि तीव्र मद्यासाठीं वयाचीं पंचवीस वर्षें पूर्ण असावीं लागतात. छंदी मंडळींनीं पेल्याचें वय पाहतांना हेंही वय पाहावें.

आतां संग्राहकांसाठीं दोन व्यवहाराच्या गोष्टी. फुंकून केलेल्या पेल्याच्या बुडाशीं दांडी तोडल्याचा व्रण किंवा तो घांसून गुळगुळीत केल्याची खूण असते; सांच्यांत दाबून केलेल्या पेल्याच्या अंगावर सांध्याची बारीक रेघ बोटाला लागते. शिशाची कांच वजनाला जड असते आणि टिचकीचा नाद लांबवर रेंगाळतो. साध्या कांचेचा नाद तेथल्या तेथें मरतो. कांचेंतले बारीक बुडबुडे आणि कडेची किंचित् वक्रता हे दोष मानूं नयेत. तो कारागिराच्या श्वासाचा पुरावा आहे. परंतु शिशाच्या पात्रांत मद्य किंवा आंबट पेय साठवून ठेवूं नये. तें शिसें हळूहळू पेयांत उतरतें, असें १९९१ सालीं प्रसिद्ध झालेल्या अमेरिकन संशोधनानें दाखविलें आहे. मुलांस व गर्भवतीस अशा पात्रांतून कांहींच देऊं नये. तीं पात्रें कपाटांत शोभावीं, पिण्यासाठीं साधी कांच बरी.

आणि पेय? माझा पांचांचा मेळ असा: कोकमाचें आगळ, गुऱ्हाळावरची काकवी, आल्याचा रस, भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि माठांतलें पाणी. आंबट, गोड, तिखट, सुगंधी आणि शीतल असे पांचही त्यांत आले. फ्रायरच्या पांचांत अर्क होता. माझ्या पांचांत त्याची जागा आल्यानें घेतली आहे. घशाला तेज हवें असेल तर तें आल्यानेंही मिळतें, आणि सकाळीं डोकें दुखत नाहीं. ज्यांना पांचवा घटक अर्कच हवा असेल त्यांच्याशीं मी भांडणार नाहीं. एवढेंच सांगेन कीं, पांचांत तो एक असावा, पांचही तोच होऊं नये. मिश्रपेयाचें सारें शहाणपण प्रमाणांत आहे, आणि प्रमाण सुटलें कीं त्याचें नांव ‘एकच प्याला’.

एक विनंती करून भाषण पुरें करतों. आज संग्राहक बोहेमियाच्या आणि बेल्जमच्या कांचेसाठीं हजारों रुपये मोजतात, आणि त्यांच्याच माळ्यावर एखादी तळेगांवची जाड, हिरवट झांकेची बरणी किंवा प्रभाकर कंदिलाची चिमणी वर्तमानपत्रांत गुंडाळून पडलेली असते. घर बदलतांना, वाडा पाडतांना ती प्रथम भंगारांत जाते. ती कांच देखणी नाहीं हें खरें. तिच्यांत बुडबुडे आहेत, तिची कड वांकडी आहे. परंतु ती लोकांनीं एकेक पैसा देऊन विकत घेतलेल्या विद्येची आहे, आणि ती फुंकणारा हात आपल्याच जिल्ह्यांतला होता. विलायती पेला फुटला तर तसा दुसरा लंडनच्या दुकानांत मिळेल. ही चिमणी फुटली तर दुसरी करणारी भट्टी उरलेली नाहीं. म्हणून येत्या दिवाळीच्या साफसफाईंत माळा उतरवाल तेव्हां, भंगारवाल्याला हांक मारण्यापूर्वीं, ती कांच एकदां उजेडाकडे धरून पाहा. बुडाशीं कांहीं खूण, कांहीं अक्षरें आहेत कां तें बघा. आणि घरांतल्या वडील माणसांना विचारा कीं ती कोणी आणली, कोणत्या सालीं आणली. उत्तर मिळाल्यास तें कागदावर लिहून त्याच बरणींत ठेवा. इतिहासाचीं साधनें सरकारी दफ्तरांत असतात तशीं तीं फडताळांतही असतात, आणि फडताळांतलीं साधनें सांभाळण्याचें काम घरच्या माणसांचेंच आहे.